पाठीवरची पिशवी आणि पायाखालची पांढर

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत एक नव्या तऱ्हेचे तीर्थाटन रूढ होऊ लागले आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी पाठीवर भली मोठी पिशवी टाकून महिना-दोन महिने परदेशी भटकते, स्वस्तातल्या सामाईक खोल्यांत उतरते, मिळेल त्या मोटारीने हिंडते आणि परत आल्यावर घरच्या मंडळींस छायाचित्रे दाखविते. अशा भटक्यांच्या यादीत मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशास मानाचे स्थान आहे. तेथे ३,९७६ मीटर उंचीचा आकातेनांगो चढावा, रात्री शेजारचा फुएगो ज्वालामुखी आग ओकताना पाहावा, आणि मग उत्तरेकडील अरण्यात तिकाल येथे माया लोकांची शिखरमंदिरे पाहून धन्य व्हावे, असा हा क्रम. यात आम्हांस गैर काही दिसत नाही. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो असे म्हणणारे गेले, ते बरेच झाले.

आमचे भांडण प्रवासाशी नाही. प्रवासास निघणाऱ्याच्या दृष्टीशी आहे. परत आलेला प्रवासी मोठ्या हळहळीने ‘लुप्त झालेल्या माया संस्कृती’विषयी बोलू लागतो. वास्तविक, दहाव्या शतकाच्या सुमारास ओस पडली ती तिकालसारखी नगरे, माणसे नव्हेत. ग्वाटेमालात आजही विसांहून अधिक माया भाषा घराघरांत बोलल्या जातात. १९६० पासून १९९६ पर्यंत त्या देशात जी यादवी माजली, तीत बळी पडलेल्यांत बहुसंख्य मायाच होते. आणि १९९२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू याच समाजातल्या. ज्या बाईकडून आमचा प्रवासी सकाळी मक्याची भाकरी विकत घेतो, तिच्याच समाजास तो संध्याकाळी लुप्त ठरवितो! अवशेष दिसावेत आणि त्यांच्याभोवती राहणारी माणसे दिसू नयेत, हा दृष्टिदोष कोठून आला? आमचे उत्तर असे की, तो त्याने घरूनच नेला.

जालना जिल्ह्यातील भोकरदनचे उदाहरण घ्या. केळणा नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहुत येथील स्तूपांस ज्यांनी दाने दिली, त्यांत या नगरीचे रहिवासी होते. तसे तेथील शिलालेखच सांगतात. १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे थर, मणी, नाणी आणि हस्तिदंतात कोरलेली एक भंगलेली स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य कोणाशी असावे? इटलीतील पाँपेई नगरी इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या राखेखाली गाडली गेली. तेथे १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. ती भोगवर्धनच्याच कारागिरांची असावी, असा काहींचा तर्क आहे. तिच्यावरील खरोष्ठी अक्षर वायव्य भारताकडे बोट दाखविते, म्हणून वाद मिटलेला नाही. परंतु असा वाद ज्या गावाच्या नावाने घातला जातो, त्या गावास आमचा सुशिक्षित मनुष्य अजिंठ्याकडे जाताना मोटारीच्या खिडकीतूनही पाहत नाही.

यावर कोणी म्हणेल, “भोकरदनात पाहण्यासारखे आहे काय? तेथे ना शिखरमंदिर, ना ज्वालामुखी!” ज्वालामुखीपुरते बोलायचे, तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचाच थंड झालेला खडक म्हणजे आपला काळा पाषाण. केळणेच्या काठचे लेणे त्यातच कोरलेले आहे. शिखरमंदिर नाही, हे मात्र खरे. भोगवर्धनचे वैभव जमिनीवर उभे नसून जमिनीखाली निजलेले आहे, आणि ते पाहण्यास डोळ्यांइतकेच वाचन लागते. तिकालला फाटक आहे, तिकीट आहे, वाटाड्या आहे. येथे यांपैकी कशाचाही आधार न घेता आपले आपण पाहावे लागते. म्हणूनच पाहण्याचे शिक्षण येथे अधिक चांगले होते.

आमच्या खेड्यांत शेतजमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढर म्हणतात. पिढ्यान् पिढ्या माणसे नांदल्याने जी माती साचते, ती पांढरीची माती धाब्यावर घालण्यास किंवा शेतात टाकण्यास उकरून नेण्याची जुनी चाल महाराष्ट्रात आहे. तिच्याबरोबर किती मणी, किती खापरे आणि किती इतिहास गेला, याचा हिशेब कोणी ठेविला नाही. त्या शेतकऱ्यास आम्ही दोष देणार नाही. त्यास कधी कोणी सांगितले होते? सांगण्याचे काम ज्यांचे, तो पुस्तके विकत घेणारा व मुलांस परदेशी धाडणारा आमचा वर्ग या बाबतीत स्वस्थ बसला. दूरच्या अवशेषांविषयी हळहळ आणि जवळच्यांविषयी बेफिकिरी, या दोहोंचे मूळ एकच: भूतकाळ म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी तमाशा, ही समजूत.

तेव्हा आमची मागणी अगदी माफक आहे. राजूरच्या गणपतीस किंवा अजिंठ्यास जाणाऱ्या कुटुंबाने एक दिवस भोकरदनसाठी राखावा. लेणे पाहावे, मुलांस पांढर म्हणजे काय ते दाखवावे, आणि गावातील चार माणसांशी बसून बोलावे. तेथील शिक्षकांनी गावाचे जुने नाव वर्गात सांगावे, व उत्खननात काय निघाले तेही सांगावे. एवढे झाल्यावर आमच्या मुलांनी खुशाल पिशवी उचलावी आणि ग्वाटेमाला गाठावे. मग मक्याची भाकरी देणाऱ्या त्या बाईस, ती घरी कोणती भाषा बोलते, एवढे विचारण्याचे तरी त्यांस सुचेल.