सायकल चालवा, पण कुठे?

"डॉक्टर, चालण्याऐवजी सायकल चालवली तर चालेल का?" गुडघे कुरकुरू लागलेले, साखर वाढलेले पन्नाशीचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. पूर्वी मी "जरूर चालवा" म्हणून मोकळा होत असे. आठ वर्षांपूर्वी ते थांबवले. त्याला कारण झाले माझे एक रुग्ण. निवृत्त शिक्षक, सगळे गाव त्यांना गुरुजीच म्हणते. मधुमेह आटोक्यात यावा म्हणून मीच त्यांना सायकल सुचवली होती. त्यांनी माळ्यावरची जुनी सायकल काढली, टायर-ट्यूब बदलून घेतले आणि रोज सकाळी निघू लागले. चार महिन्यांत वजन चार किलोंनी उतरले, साखर उतरली, गोळी अर्धी झाली. मग एका सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले. खुब्याचे हाड मोडले. जीव वाचला, पण हातात काठी आली ती कायमची.

गुरुजींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. सल्ला मीच बदलला. "जागेवरची सायकल घ्या, घरातल्या घरात चालवा," असे सांगू लागलो. त्यातल्या किती सायकलींवर आज टॉवेल वाळत पडतात, हे मी घरोघरी व्हिजिटला जातो तेव्हा पाहतोच.

हे सर्व पुन्हा मनात येण्याचे निमित्त म्हणजे गेल्या वर्षीचा मे महिना. धाकट्या भावाची मुलगी नवऱ्यासह इटलीत बोलोन्या शहरी नोकरीला आहे. तिच्या आग्रहावरून मी व सौ. तिकडे जाऊन आलो. रोम-व्हेनिस सगळे पाहतात तसे आम्हीही पाहिले, त्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. एका शुक्रवारी रात्री पुतणी म्हणाली, "काका, उद्या फेराराला जाऊ." मला वाटले, मोटारींचा कारखाना दाखवणार! तर तसे नव्हे. मोटारी त्या फेरारी; त्यांचा कारखाना मारानेल्लोला, याच प्रांतात. फेरारा हे सुमारे सव्वा लाख वस्तीचे जुने शहर आहे, आणि त्याच्या गाभ्यात मोटारीला फारसा मान नाही.

बोलोन्याहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. उतरल्यावर भाड्याने सायकली घेतल्या. सौ.ने शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात असताना. "अहो, या वयात पडले तर?" असे म्हणत ती बसली, शंभर पावले डगमगली, आणि मग जी पुढे गेली ती मलाच हाका मारून थांबवावी लागली.

शहराच्या मध्यभागी एस्ते घराण्याचा किल्ला आहे. कराच्या बोज्याला कंटाळलेल्या लोकांनी बंड केले, त्यानंतर धन्यांनी १३८५ साली स्वतःच्या रक्षणासाठी तो बांधायला घेतला. भोवतीच्या खंदकात आजही पाणी आहे. किल्ला व कॅथीड्रलच्या परिसरात मोटारींना बंदी आहे. आसपासच्या गल्ल्यांत जाणाऱ्या मोटारीला परवाना लागतो. त्यामुळे कानावर येतो तो दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या चाकांचा खडखड आवाज आणि अधूनमधून घंटी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, १४९२च्या सुमारास, एर्कोले पहिला याने बियाज्जो रोस्सेत्ती या वास्तुविशारदाकरवी शहर जवळजवळ दुप्पट वाढवले. रुंद, सरळ रस्ते आखले. युनेस्कोने १९९५ साली शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते बऱ्याच अंशी या आखणीसाठी. विद्यापीठ तर १३९१चे. कोपर्निकसने १५०३ साली येथेच डॉक्टर ही पदवी घेतली. (आमच्या धंद्यातली नव्हे, धर्मकायद्याची!)

पण माझे लक्ष इमारतींकडे कमी आणि माणसांकडे जास्त होते. डॉक्टरची खोड. सत्तरी ओलांडलेल्या बायका पुढच्या टोपलीत भाजी घेऊन, पाठ सरळ ठेवून, सावकाश चालल्या होत्या. कोट घातलेले गृहस्थ होते, कॉलेजची पोरे होती, मागे नातवंड बसवलेले आजोबा होते. एका बाईंच्या घोट्याला सूज होती, ती मला दुरून दिसली. तरी त्या सायकलवर होत्या. आपल्याकडे सायकल एक तर शाळकरी मुलाची, नाही तर दुचाकी न परवडणाऱ्याची, किंवा मग हल्लीची ती पन्नास हजारांची, हेल्मेट घालून रविवारी काढायची. मधली माणसे तिच्यावर दिसत नाहीत. फेरारात मधलीच माणसे दिसली, आणि त्यांच्यापैकी कोणी व्यायाम करत नव्हते. ती भाजी आणायला निघाली होती.

दोन मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत जात होत्या. व्यायामाचा जोर मोजण्याची ही उत्तम रीत आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम व्यायाम झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम सांगते. त्या बायकांचा तो बाजारहाटातच होत असावा.

शहराभोवती सुमारे नऊ किलोमीटरचा तट आहे. त्याच्या वरून व पायथ्याने झाडांच्या सावलीत मातीची वाट जाते. आम्ही तिच्यावरून निम्मा फेरा मारला आणि उत्तरेला वळलो. तटाबाहेर मोठे उद्यान, मग शेते, आणि सहा-सात किलोमीटरवर पो नदी. इटलीतली सर्वांत लांब नदी, ६५२ किलोमीटर. मुलूख ताटासारखा सपाट, त्यामुळे गुडघ्यांना चढ नाही. नदीचा बांध मात्र उंच आहे, आणि त्याच्या माथ्यावरून सायकलची वाट. वरच्या अंगाच्या स्तेल्लातापासून समुद्राकडच्या गोरीनोपर्यंत ही वाट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाते. एका हाताला नदी आणि पॉप्लरच्या झाडांच्या रांगा, दुसऱ्या हाताला खाली नासपतीच्या बागा आणि शेतकऱ्यांची घरे. तासाभरात एक ट्रॅक्टर आडवा आला, तोही आम्हाला वाट देऊन थांबला. सौ. मला म्हणाली, "तुम्ही सारखे मागे वळून काय बघताय?" माझ्या ध्यानातही आले नव्हते. आपल्या रस्त्यांची सवय.

हा बांध सायकलींसाठी बांधलेला नाही. १९५१च्या नोव्हेंबरात समोरच्या, डाव्या तीराचा बांध फुटला. शंभराच्या आसपास माणसे गेली आणि लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. तेव्हा बांध ही तिथे जिवाची गोष्ट आहे. त्याची देखभाल करावीच लागते, त्याच्या माथ्यावर वाट असावीच लागते. तिथल्या लोकांनी एवढेच केले, की ती वाट मोटारींना न देता माणसांना दिली. तटाचेही तसेच. तो शत्रूसाठी बांधला, शत्रू येईनासा झाला, तेव्हा त्यावर लोक फिरू लागले.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. पो नदीच्या खोऱ्यातली हिवाळ्यातली हवा युरोपातल्या वाईट हवांपैकी एक आहे, कारण तीन बाजूंनी डोंगर आणि मधली हवा हलत नाही. शहराबाहेर मोटारी भरपूर आहेत. आणि संध्याकाळी डास इतके, की मलेरिया हा शब्द मुळात इटालियन आहे, त्याचा अर्थ 'वाईट हवा', हे मी सौ.ला सांगत असतानाच तीन चावले. या दलदलींत एके काळी मलेरियाने माणसे मरत. आता तो तिथे नाही, डास मात्र आहेत. असो.

दिवसभरात पंचवीसेक किलोमीटर झाले. दुपारी लाल भोपळा भरलेला पास्ता आणि तिथला पीळ घातलेला पाव मी पथ्य विसरून खाल्ला, हेही कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दोघांचेही गुडघे ठणठणीत होते. बैठक मात्र दुखली. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठकीवर जातो, म्हणून गुडघ्याची झीज असलेल्यांना ती चालण्यापेक्षा सोसते. बैठकीची उंची इतकी ठेवावी, की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आपल्याकडे निम्म्या सायकलींची बैठक फार खाली असते आणि दोष गुडघ्याला जातो. हाडे बळकट व्हायला मात्र सायकल पुरत नाही. त्यासाठी पाय जमिनीवर टेकवून चालावेच लागते. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत भरून आले, तर "थोडे पुढे जाऊन थांबू" म्हणू नये.

सायकलने आयुष्य वाढते का? कोपनहेगनमधल्या सुमारे तीस हजार स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी आढळले. मुळात धडधाकट असतात तेच सायकल चालवतात, अशी शंका घेता येते, आणि ती मी घेतो. तरी फायदा सगळाच्या सगळा त्यातून येत असेल असे मला वाटत नाही.

माझे भांडण आहे ते माझ्याच व्यवसायाशी. केसपेपरवर 'नियमित व्यायाम' लिहिले की आमचे काम संपले, असे आम्ही धरतो. पुढच्या खेपेला साखर तेवढीच आली की "तुमच्यात इच्छाशक्तीच नाही" म्हणून रुग्णालाच झापतो. फेरारातल्या त्या भाजीवाल्या आज्यांची इच्छाशक्ती आपल्या आज्यांपेक्षा थोर आहे, असे मला दिसले नाही. त्यांच्या मागे टेम्पो नव्हता, एवढेच. मी आठ वर्षे रुग्णांना घरात बसवले, पण रस्त्याबद्दल एक पत्रसुद्धा कोणाला लिहिले नाही. औषधाची रिअॅक्शन आली तर मी औषध कंपनीला कळवतो. गुरुजींचा खुबा मोडला तेव्हा कोणाला कळवले?

परतल्यावर ते पत्र लिहिले. आपल्या कालव्याच्या कडेने मुरमाचा रस्ता आहे. पाहणीपुरता बांधलेला, आता डंपरांची जवळची वाट झालेला. सकाळी पाच ते आठ या वेळेत तो वाहनांना बंद करावा, दोन्ही टोकांना लाकडी आडणा टाकला तरी पुरे, अशी विनंती मी संबंधितांकडे केली आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. वाचकांपैकी कोणाला सही करायची असल्यास कागद दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलावर ठेवला आहे.

परवा गुरुजी तपासणीला आले. त्यांना मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. बांधावरून पाठमोऱ्या जाणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या फोटोवर ते थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"हिच्या मागून काय येतंय?"

"काही नाही, गुरुजी. मागे आम्हीच होतो."

त्यांनी आणखी थोडा वेळ फोटो पाहिला. मग काठी टेबलाला टेकवली आणि खिशातून रिपोर्ट काढला. उपाशीपोटी १३२. वाईट नाही.