गीतकाराचा रकाना कोरा का?



मागच्या महिन्यात भीमगीतांचा एक संच विकत घेऊन डाउनलोड केला. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक फाईल. जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकून घरी म्युझिक सर्व्हर केलाय, त्यात चढवला. ढोलकीची थाप खणखणीत ऐकू आली. पण स्क्रीनवर? कलाकार: 'व्हेरियस आर्टिस्ट्स'. प्रकार: 'डिव्होशनल'. कंपनीचं नाव मात्र बिनचूक. गीतकाराचा रकाना कोरा.

कुणी म्हणेल, यात चळवळ कुठे आली? मी म्हणतो, इथेच आली. जागा नाही म्हणून नाव नाही, असं नाही. एमपी३च्या आयडी३ टॅगमध्ये गायक, संगीतकार, गीतकार यांना वेगवेगळे रकाने आहेत. फ्लॅकमध्येही 'लिरिसिस्ट' लिहिता येतं. जागा आहे, भरायची इच्छा नाही. कायदाही बघा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२अ सांगतं की ध्वनिमुद्रणावर ते बनवणाऱ्याचं आणि हक्कमालकाचं नाव-पत्ता द्या, प्रकाशनाचं वर्ष द्या. गीतकार त्या यादीतच नाही! कलम ५७ने 'हे मी लिहिलं' म्हणायचा हक्क दिलाय, हक्क विकल्यावरही तो राहतो. पण तो बजावायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते. खेड्यातल्या शाहिराच्या वारसांना ती परवडते का?

आपल्या कवींनी यावर आधीच उपाय केला होता. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफायचे. नाममुद्रा म्हणजे त्या काळचा मेटाडेटाच. वही हरवो, कॅसेटचं कव्हर फाटो, नाव गाण्याबरोबर चालत राहतं. आज डीजेच्या मिक्समध्ये अनेकदा नेमकं तेच कडवं कापलं जातं. टॅगमध्ये नाव नाही, गाण्यातलंही गेलं.

सॉफ्टवेअर भरून देईल या भरवशावर राहू नका. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतं, पण नोंद असेल तरच. आपल्या जुन्या कॅसेटमधली गाणी तिथे कुणी नोंदवणार तेव्हा ना! ती माहिती खुली आहे, खातं उघडून कुणीही भर घालू शकतो. मग आपण का नाही?

घरच्या सर्व्हरवर आणखी एक घोळ होतो. 'वामनदादा कर्डक', 'वामन कर्डक', शिवाय रोमनमध्ये एकदा व्ही, एकदा डब्ल्यू. सर्व्हर चार माणसं दाखवतो. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. वर्षाच्या जागी नव्या आवृत्तीचं वर्ष चिकटलेलं असतं, मूळ वर्ष कळलं तर 'ओरिजिनल डेट'मध्ये टाका.

प्रकाराचं काय? प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी गायले, भीमगीतंही गायले. कंपनीसाठी दोन्ही 'डिव्होशनल'. काही भीमगीतांत भक्तीचा सूर आहे, हे मलाही खटकतं, त्यावर आपण आपसात जरूर भांडू. पण तो निकाल कंपनीतल्या टायपिस्टने का द्यावा? मी 'भीमगीत' असाच प्रकार लिहितो.

आता आपल्याच घरातलं एक सांगतो, राग येईल. कवी माहीत नसला की आपण सरळ 'वामनदादा' लिहून मोकळे होतो. हा दादांचा सन्मान नाही. ज्याने गाणं लिहिलं त्या अनाम कार्यकर्त्याला आपणच दुसऱ्यांदा पुसतो, आणि यावेळी कंपनीला दोष देता येत नाही. खात्री नसेल तर रकाना कोरा ठेवा. कॉमेंटमध्ये लिहा: गीतकार शोधतो आहोत. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव आणि तारीखही तिथेच टाका.

माझ्याकडे अशी एकतीस गाणी उरली आहेत. आमच्या वस्तीत गायन पार्टीतले एक म्हातारे पेटीवाले राहतात. रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसणार आहे. ते ऐकतील, मी टाइप करीन.