अनुरणनाचें गाणें

गाणें ऐकण्याची जागा गेल्या सव्वाशें वर्षांत कशी बदलत गेली, हें पाहूं लागल्यास एक चमत्कारिक क्रम दृष्टीस पडतो. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें. हिंदुस्थानांत मुद्रित झालेल्या आरंभींच्या गाण्यांपैकीं तें एक. गायक समोर नसतांना गाणें ऐकण्याची संवय आपल्याकडे तेथून लागली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि गाणें माजघरांत आलें. तरी तें सर्वांसाठीं येई. १९७९ सालीं जपानांतील सोनी कंपनीनें वॉकमन काढला, आणि तेव्हांपासून गाणें एकेकट्याच्या कानांत शिरलें. सभागृहांतून घरांत, आणि घरांतून कानांत, असा हा प्रवास आहे.

कानांत ऐकावयास सोयीचा असा ‘ड्रीम पॉप’ नांवाचा एक गीतप्रकार सांप्रत तरुण मंडळींस प्रिय आहे. त्यास ‘स्वप्नगीत’ म्हणावें. त्याचा उगम १९८० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें झाला. स्कॉटलंडच्या ‘कॉक्टो ट्विन्स’ या मंडळाची गायिका एलिझाबेथ फ्रेझर अशा रीतीनें गाई कीं, तिचे पुष्कळ शब्द इंग्रजांसही कळत नसत. पुढें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं २००४ मध्यें व्हिक्टोरिया लग्रां व अॅलेक्स स्कॅली या दोघांनीं ‘बीच हाउस’ काढलें. आपल्या देशांत कलकत्त्याच्या निश्चय पारेख व जिवराज सिंग या जोडीचा ‘ओशन’ हा गीतसंग्रह २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. मंद लय, लांबत जाणारे स्वर आणि त्यांत बुडालेला आवाज, हीं या प्रकाराचीं लक्षणें.

या गाण्याविषयीं घराघरांत एक काळजी ऐकूं येते, आणि ती अगदींच निराधार नव्हे. मूल दार लावून, कानांत बोंडें घालून, तेंच उदास गाणें तासन् तास ऐकतें. जेवावयास हांक मारावी तर ओ येत नाहीं. आमचा सतरा वर्षांचा नातू असाच. ‘बाबा, हें गाणें त्याला आपल्यापासून तोडतंय,’ असें सूनबाई एकदां डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. गेल्या पौषांत नागांवच्या बाजूस एका नारळी-पोफळीच्या वाडींत अशाच एका जोडीचा कार्यक्रम असल्याचें कळलें, तेव्हां ‘जाऊं नको’ म्हणण्यापेक्षां सोबत जाणें मला बरें वाटलें.

आमच्या अलिबागेस १९०४ सालीं चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, ती मुंबईंतील विजेच्या ट्रामगाड्यांमुळें कुलाब्याच्या नाजूक उपकरणांस व्यत्यय येईल म्हणून. विजेच्या गडबडीपासून दूर म्हणून जो किनारा निवडला गेला, तेथेंच आतां सर्वस्वीं विजेवर चालणारें गाणें ऐकावयाचें होतें!

मंचावर दोघेंच होतीं. एक मुलगी व एक मुलगा, वयानें पंचविशीच्या आंतबाहेर. उजेड पाठीमागून असल्यानें चेहरे दिसत नव्हते, केवळ आकृति दिसत. कोणी पुढें नाहीं, कोणी मागें नाहीं. मुलगी विजेच्या पेटीवर स्वर धरून गाई. मुलाच्या हातांत गिटार आणि पायाशीं सहासात लहान डब्या. एकीवर पाय दाबला कीं, नुकताच वाजविलेला तुकडा आपोआप पुनःपुन्हां वाजूं लागे, आणि त्यावर तो दुसरा तुकडा रची. अशा रीतीनें दोघांत पांचसहा जणांचें काम होई. परंतु पाय क्षणभर उशिरा पडला तर पुढचें सारेंच बिघडावें. म्हणून तिची मान हलल्यावांचून त्याचा पाय पडत नसे. कानांत ऐकतांना जें नुसतें धुकें वाटतें, तें दोन माणसांनीं एकमेकांकडे दिलेल्या लक्षानें बांधलेलें असतें, हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून कळत नाहीं.

दुसऱ्या एका डबींत देवळाचा गाभारा होता म्हणा ना! ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरांहून दूर असली तर प्रतिध्वनि निराळा ऐकूं येतो. ती जवळ असली तर तो मूळ स्वरांत मिसळून त्यास शेपूट फुटतें. माडांच्या वाडीस भिंती कोठल्या? तें शेपूट डबी निर्माण करीत होती. आपल्या साहित्यशास्त्रास ही कल्पना परकी नाहीं. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें सूचित अर्थाच्या एका प्रकारास अनुरणनाचीच उपमा दिली आहे. घंटेचा ठोका संपतो, नाद मागें राहतो. तसा शब्द संपल्यावर अर्थ उमटतो.

शब्द कळेनात म्हणून मी कान देऊन ऐकत होतों. तेव्हां नातू हळूच म्हणाला, ‘आजोबा, शब्द शोधूं नका. तो अगदीं पहिला सूर धरा. तो अजून थांबलेला नाहीं.’ तंबोऱ्याचा षड्ज धरावा तसा मीं तो धरला, आणि मग वरचें सारें आपापल्या जागीं बसूं लागलें. घरीं एका वाक्यापलीकडे न बोलणारा हा मुलगा त्या रात्रीं एकेका डबीचें काम मला तासभर समजावून सांगत होता.

दुसऱ्या दिवशीं बोंडें पुन्हां कानांत गेलींच. एका कार्यक्रमानें स्वभाव बदलत नसतो. परंतु त्याच्या एकांतांत काय चालतें, हें आतां आम्हांस ठाऊक आहे, आणि विचारावयास एक विषय आहे. सूनबाईंनींही परवां त्याजकडून तो पहिला सूर ओळखून घेतला.

वाचकांस माझें सांगणें इतकेंच कीं, मुलांचें गाणें आवडलेंच पाहिजे असें नाहीं. त्यावर मत देण्यापूर्वीं एकदां तें त्यांच्या शेजारीं बसून, गाणारीं माणसें डोळ्यांनीं पाहून ऐकावें. तें जमण्यासारखें नसेल तर आठवड्यांतून एका सायंकाळीं, दिवेलागणीनंतर, त्यांच्या आवडीचें एक गाणें माजघरांत मोठ्यानें लावावें. पुढच्या सायंकाळीं आपल्या आवडीचें एक लावावें. काय ऐकावयाचें, हें ज्याचें गाणें त्यानें इतरांस सांगावें. कानांत गेलेलें गाणें घरांत परत आणण्यास याहून स्वस्त उपाय मला सुचत नाहीं.