कुमारी माता : पुनर्वसनाच्या चर्चेत हरवलेला आरोपी

तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या, यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्याची राज्यपातळीवर दखल घेतली जाते ती बहुधा एकाच कारणाने. ते कारण म्हणजे कोलाम व अन्य आदिवासी समाजांतील ‘कुमारी मातां’चा प्रश्न. वृत्तपत्रांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला, पाहण्याही झाल्या. पण शासनाचा आकडा आणि कार्यकर्त्यांचा आकडा यांचा मेळ कधी बसला नाही. लग्नाचे आमिष दाखवून, गरिबीचा गैरफायदा घेऊन मुलींचे शोषण करणारे बाहेरगावचे ठेकेदार, व्यापारी व स्थानिक सधन मंडळी यांच्याकडे बोट दाखविले गेले. चर्चा मात्र दरवेळी वळली ती घरकुल, रोजगार आणि मुलांचे शिक्षण यांकडे.

मुळात शब्दच पाहा. ‘कुमारी माता’ या शब्दात स्त्री आहे, तिचे मातृत्व आहे, तिचे अविवाहितपणही आहे. पुरुष कोठेच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने कोरिया, चीन, फिलिपिन्स आदी देशांतील स्त्रियांना लैंगिक गुलामगिरीत डांबले, तेव्हा त्यांनाही ‘कम्फर्ट विमेन’ म्हणजे ‘सुख देणाऱ्या स्त्रिया’ असे गोंडस नाव मिळाले होते. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सून यांनी सोलमध्ये स्वतःच्या नावानिशी ही कहाणी जगापुढे मांडली. १९९५ मध्ये जपानने ‘एशियन विमेन्स फंड’ स्थापन केला. त्यातून द्यावयाची भरपाईची रक्कम खासगी देणग्यांतून उभी केलेली होती. कोरियातील अनेक वृद्धांनी ती नाकारली. पैशाची गरज त्यांनाही होती. पण सरकारने कायदेशीर जबाबदारी स्वीकारल्याशिवाय मिळणारी रक्कम त्यांना दान वाटली. ८ जानेवारी २०२१ रोजी सोलच्या न्यायालयाने १२ स्त्रियांना प्रत्येकी १० कोटी वॉन देण्याचा आदेश जपान सरकारला दिला. तोवर त्यांतील बहुतेकींचे निधन झाले होते.

झरी जामणीत युद्ध नव्हते, लष्करही नव्हते. ही तुलना गुन्ह्याच्या स्वरूपाची नाही. मदत आणि न्याय यांतील फरक मात्र तोच आहे.

येथील न्याय कायद्याअभावी अडलेला नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदतीची अट नाही. दहा वर्षांनीही तक्रार दाखल होऊ शकते. पीडिता अनुसूचित जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. खरी अडचण अधिक साधी आहे. मुलीचे वय काय होते? १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलीच्या संमतीला अर्थ नाही. त्यापूर्वी ही मर्यादा १६ वर्षे होती. ज्या मुलीचा जन्म पोडावर, घरीच झाला आणि जिची जन्मनोंद नाही, तिचे वय ठरवायचे ते शाळेच्या दाखल्यावरून. तोही नसेल तर वैद्यकीय तपासणीवरून. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो आणि खटल्याचा निकाल नेमका त्याच फरकावर ठरू शकतो.

डीएनए चाचणीने पितृत्व सिद्ध होते, बळजबरी नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागेल. परंतु मुलाची जन्मतारीख आणि आईच्या शाळेतील नोंद शेजारी ठेवली, तर गर्भधारणेच्या वेळी ती किती वर्षांची होती, हे कागदावरच दिसते. आजवरच्या पाहण्यांत मातांची मोजदाद झाली. तीच यादी हाती घेऊन या दोन तारखा प्रत्येक प्रकरणात का पडताळू नयेत? मुलगी बोलायला तयार नसेल तर तिच्यावर जबरदस्ती नको. पण ती तयार असेल आणि ज्याचे नाव घ्यायचे तोच गावात रोजगार देणारा असेल, तर तिला संरक्षण देणे हे पोलिसांचे काम आहे.

दुसरीकडे मुले मोठी होत आहेत. आई आदिवासी आणि वडील बिगर आदिवासी असतील, तर मूल वडिलांच्याच जातीचे असे सरसकट धरता येत नाही, ते कोणत्या समाजात वाढले हे पाहावे लागते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात दिला. तरीही जातीच्या दाखल्याच्या आणि पडताळणीच्या अर्जात पुरावे मागितले जातात ते प्रामुख्याने वडिलांच्या कुळाचे.