डबा उघडाच होता!

मैत्रिणींनो, या पानावर मी तुम्हाला नेहमी काहीतरी सांगत असते. रवा टिकवण्यासाठी काय करावं, मुलांचा अभ्यास कसा घ्यावा, महिन्याचा खर्च कसा मांडावा. आज मात्र सांगण्यापेक्षा कबूल करायचं आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे. प्रत्येकीचे महिन्याला हजार रुपये, दहा तारखेला चिठ्ठी, आणि जिचं नाव निघेल तिला बारा हजार. पैसे जमवण्याचं काम माझ्याकडे होतं. ‘बाई शाळेत शिकवतात, हिशेब चोख ठेवतील,’ असं म्हणून सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा जरा तोराच होता.

त्या महिन्यात पाच तारखेलाच सगळे पैसे जमले. सहा तारखेला शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘मंगल कार्यालयात हातमागाच्या साड्यांचं प्रदर्शन लागलंय, नुसतं बघून येऊ.’ नुसतं बघून कधी कुणी आलंय का? तिथे एक इरकल होती. गर्द हिरवी, लाल काठ आणि अस्सल टोपपदर. किंमत ४,२०० रुपये. विक्रेता म्हणाला, ‘ताई, या रंगातली एवढी एकच राहिली.’ माझ्या स्वतःच्या खात्यात जेमतेम सहाशे होते, पण फोन उघडल्यावर शिल्लक दिसत होती बारा हजार सहाशे.

माझ्या सासूबाई भिशी चालवत, तेव्हा नोटा नावं लिहिलेल्या पाकिटांत, पाकिटं पिशवीत आणि पिशवी कपाटाच्या आतल्या खणात असे. काकूंचं पाकीट फोडून साडी घ्यायची, तर निदान फोडताना हात थरथरला असता. २०१६ साली यूपीआय आलं आणि हळूहळू तो आतला खणच गेला. त्यांचे पैसे आणि माझे पैसे एका आकड्यात मिसळले. बोट टेकवलं, ‘टिंग’ वाजलं, साडी माझी झाली. मनाशी म्हटलं, सात तारखेला पगार होतोच, भरून टाकू. कुणाला कळणार?

तो पगार त्या महिन्यात लांबला.

दहा तारखेला चिठ्ठी निघाली ती कोपऱ्यावरच्या काकूंची. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘बरं झालं गं, नातीचे वसतिगृहाचे पैसे उद्याच भरायचेत.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. ‘सकाळी आणून देते,’ एवढंच बोलले आणि घरी आले.

रात्री ह्यांना सांगितलं. सांगितलं कसलं, भांडले! ‘तुम्ही कधी आपणहून साडी आणलीय का? वहिनींनी ओढून नेलं नसतं, तर मी गेलेच नसते. त्या माणसानं एकच राहिली म्हणून गळ घातली. आणि शाळेला तरी वेळेवर पगार करायला काय होतं?’ हे शांतपणे ऐकत होते. त्यांनी एकदा जरी आवाज चढवला असता, तर त्यांच्या माथी मारून मी मोकळी झाले असते.

त्याच आठवड्यात माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलानं शेजाऱ्याच्या डब्यातले लाडू खाल्ले होते. जाब विचारला तर म्हणतो कसा, ‘बाई, त्यानं डबा उघडाच ठेवला होता!’ वर्ग हसला. मी त्याला म्हटलं होतं, ‘डबा त्याचा. हात कुणाचा?’ अंथरुणावर पडल्यावर ते माझंच वाक्य मला झोपू देईना. मनाचे श्लोक २०५ आहेत. समर्थांनी एवढं समजावलं ते आपापल्या मनाला, शेजारणीच्या मनाला नव्हे. लहानपणी पाठ करून बक्षीस मिळवलं होतं मी.

सकाळी ह्यांच्याकडून ४,२०० रुपये उसने म्हणून घेतले. ‘उसने’ हा शब्द मीच घातला, आणि चार महिन्यांत फेडलेही. बारा हजार पुरे करून काकूंकडे गेले. गुपचूप देता आले असते, तरी सगळं सांगितलं. काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘सांगितलंस ते बरं केलंस. पण पुढच्या महिन्यापासून पैसे माझ्याकडे जमा होऊ देत.’ मला वाटलं होतं, ‘जाऊ दे गं’ म्हणतील. नाही म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तुम्ही म्हणाल, मग मन आवरायचं कसं? दात-ओठ खाऊन माझ्याच्यानं तरी होत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केले होते. खाऊ समोर ठेवायचा आणि सांगायचं, आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. त्यात टक लावून बघत बसण्यापेक्षा ज्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, गाणी म्हटली, त्यांना थांबणं सोपं गेलं. खाऊ नजरेआड ठेवला, तर मुलं आणखी वेळ थांबली. पुढे २०१८मध्ये जास्त मुलांची माहिती तपासली, तेव्हा असंही दिसलं, की अशा थांबण्यावरून मुलाचं भविष्य सांगण्यात फारसा अर्थ नाही. घरची परिस्थितीही त्यात मोठी असते. हे मला पटतं. ज्या घरी उद्याच्या खाऊचा भरवसा नाही, तिथल्या पोरानं आजचा खाल्ला तर त्याला हावरट म्हणू नये. पण माझ्या कपाटात चौदा साड्या होत्या. मला ती सबब नाही.

तेव्हा मीही पाठ फिरवायला शिकले. पोस्टात वेगळं खातं काढलं. परक्याचा पैसा आला, की त्याच दिवशी तिथे जातो, आणि ते खातं फोनला जोडलेलंच नाही. खरेदीच्या अ‍ॅपमधून कार्डाचा नंबर पुसून टाकला. दर वेळी उठून पर्स शोधायची म्हटलं, की निम्म्या वस्तूंची गरजच उरत नाही! प्रदर्शनाला जाताना फोन घरी ठेवते आणि मोजके पैसे नेते. पाचशेच्या वरची वस्तू आवडली, तर एक रात्र जाऊ देते. सकाळी ती आठवली नाही, असं पुष्कळदा होतं. आणि आठवली, तर घेतेही. मी काही संन्यास घेतलेला नाही.

एवढं करूनही गेल्या दिवाळीत एकदा घसरलेच. पण ते पैसे माझे होते, आणि घरी आल्यावर ‘वहिनींमुळे’ हा शब्द तोंडातून निघाला नाही.

ती इरकल वर्षभर घडी मोडून नेसवेना. शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसले, तेही काकूंच्याच घरी. त्यांनी पदर हातात धरून पाहिला, ‘पोत छान आहे,’ म्हणाल्या आणि वाण दिलं.

भिशीचे पैसे अजून त्यांच्याकडेच जमा होतात.