चिंध्या आणि मळ

गेल्या दिवाळींत एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं फराळाचें बोलावणें होतें. त्यांची कन्या व जावई अमेरिकेंतील पोर्टलंड शहराहून आले होते. बोलतां बोलतां जावईबापूंनीं तेथील रस्त्यांवर दिसणाऱ्या एका तऱ्हेच्या तरुण मुलामुलींचें वर्णन केलें. केसांच्या जटा झालेल्या, विजार वंगणानें इतकी ताठलेली कीं काढून ठेवली तर आपल्या आपण उभी राहील, ठिगळावर ठिगळ, पाठीवर बोचकें, दोरीला बांधलेलें कुत्रें, आणि जवळून जातांना नाकाला रुमाल लावावा असा दर्प. "गरीब माणूस मळका असला तर समजतां येतें," ते म्हणाले, "पण हीं चांगल्या घरचीं मुलें. यांना असें राहावयास कोणी सांगितलें? ही यांची हौस!" वहिनींनीं 'शी!' म्हणून चकल्यांची ताटली पुढें सरकविली. सर्वांनीं मान हलविली, आणि मींही हलविली. त्या मान हलविण्याचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहें.

जावईबापूंच्या बोलण्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची भेसळ झाली होती. फाटकें वस्त्र ही एक गोष्ट. मळलेलें शरीर ही दुसरी. पहिली पुष्कळदां स्वेच्छेची असते. दुसरी बहुधा नसते. सुशिक्षित समाज या दोहोंची एकच मोट बांधतो, पहिलीचा राग दुसरीवर काढतो, आणि ज्याला पाणी मिळालें नाहीं त्याला पाणी आवडतच नाहीं असें ठरवून मोकळा होतो. माझा वाद या समजुतीशीं आहे.

आधीं चिंध्यांचा विचार करूं. ज्या पंथाला 'पंक' म्हणतात त्याचा वेष १९७५-७६ च्या सुमारास लंडनच्या किंग्ज रोडवर, माल्कम मॅक्लॅरन व व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या दुकानांत पुष्कळसा घडला. मुद्दाम फाडलेले सदरे, त्यांना टोंचलेल्या पिना, कुत्र्याच्या गळ्यांतले पट्टे असा तो थाट. 'सेक्स पिस्टल्स' हा गाणाऱ्यांचा मेळ त्याच दुकानाच्या आश्रयानें उभा राहिला. ज्या समाजानें आम्हांस टाकाऊ ठरविलें त्याचा टाकाऊ माल आम्ही अंगावर मिरवितों, असा त्या वेषाचा अर्थ होता. तो कोणास रुचो अथवा न रुचो, पण अर्थ होता. आणि ज्या वेषाला अर्थ असतो त्याला गबाळेपणा म्हणणें हें वाचतां न येणाऱ्यानें पुस्तकाला दोष देण्यासारखें आहे.

पुढच्या दशकांत इंग्लंडांत या पंथाला एक शाखा फुटली. तिचें नांव 'क्रस्ट', म्हणजे खपली. त्याच सुमारास जुन्या बसगाड्यांत व मालमोटारींत संसार थाटून हिंडणारे तांडे तेथें वाढले होते, आणि या दोहोंची सोयरीक जमली. १९७४ पासून १९८४ पर्यंत दर उन्हाळ्यांत स्टोनहेंजच्या प्राचीन शिळांपाशीं त्यांचा मेळा भरे. १ जून १९८५ रोजीं पोलिसांनीं हा तांडा वाटेंत अडविला, गाड्यांच्या कांचा फोडल्या व पांचशेंहून अधिक माणसें पकडलीं. १९९४ च्या कायद्यानें तर तळ ठोकणें आणखीच अवघड केलें. जिप्सी लोकांसाठीं जागा राखण्याचें जें बंधन स्थानिक संस्थांवर होतें तेंही त्यानेंच काढून टाकलें. तळ गेला कीं नळ जातो, ही साधी गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानांत आली नसेल असें मानणें कठीण आहे.

अमेरिकेंत याच पंथाचीं कांहीं मुलें मालगाड्यांवर चोरून बसून देशभर फिरतात. मालगाडीचा उघडा डबा म्हणजे गंज, वंगण, धूर आणि बोचरा वारा. त्या प्रवासाला पांढरा सदरा काय कामाचा? म्हणून मजुरांची जाड कॅनव्हासची विजार, गुडघ्यांवर दुहेरी कापडाची. रंग काळा किंवा मातकट, कारण त्यावर काजळी दिसत नाहीं व रात्रीं पहारेकऱ्याच्या नजरेंत माणूस भरत नाहीं. फाटलें कीं ठिगळ. आणि तें शिवावयास दांतांच्या फटी साफ करण्याचा मेणचट दोरा, कारण तो साध्या दोऱ्यापेक्षां चिवट असतो. ज्याला आपण गबाळेपणा म्हणतों त्याचा निम्मा भाग असा हिशेबाचा आहे. उरलेला निम्मा बाण्याचा.

आतां मळाचा विचार. आंघोळ हा आपला सद्गुण आहे असें आपणांस वाटतें. कारण तिच्यामागचा नळ, तापलेलें पाणी, कडी असलेलें दार, धुणें वाळत घालावयाची दांडी आणि बदलावयाचा दुसरा जोड हीं सारीं नित्याच्या संवयीनें आपल्या दृष्टीआड झालेलीं असतात. रस्त्यावरच्या मुलाला यांतील प्रत्येक वस्तु निराळी मिळवावी लागते. उपाहारगृहाच्या बेसिनपाशीं मान व काखा धुवाव्या तर मालक हाकलून देतो. हमरस्त्यांवर मालमोटारवाल्यांसाठीं स्नानगृहें असतात, पण एका आंघोळीस पंधरा डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. कपडे धुण्याचीं यंत्रें नाणीं टाकलीं कीं चालतात. परंतु ज्याच्याजवळ एकच जोड आहे त्यानें तो यंत्रांत टाकल्यावर तासभर नेसावें काय, या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत मला कोठें आढळलें नाहीं. मोज्यांचेंही तेंच. ओले मोजे दिवसेंदिवस पायांत राहिले म्हणजे कातडी पांढरी पडते, सोलते, आणि शेवटीं सडूं लागते. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील शिपायांचे पाय ज्या रोगानें निकामी झाले तोच हा.

या बाबतींत शास्त्र काय सांगतें तेंही पाहावें. ट्यूनिस येथें फ्रेंच वैद्य शार्ल निकोल यांच्या ध्यानांत आलें कीं, टायफसचे रोगी रुग्णालयाच्या दाराबाहेर इतरांस रोग देतात. पण दारांतच त्यांचे कपडे काढून घेऊन त्यांस आंघोळ घातली म्हणजे आंत कोणास देत नाहींत. रोगाचा वाहक कपड्यांत बसला होता, ती ऊ. १९०९ मध्यें त्यांनीं हें सिद्ध केलें आणि १९२८ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. ही ऊ डोक्यांतल्या उवेसारखी केसांत राहत नाहीं. ती कपड्यांच्या शिवणींत राहते, तेथेंच अंडीं घालते, आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. कढत पाण्यांत कपडे धुतले कीं तिचा नायनाट होतो. याच उवेनें पसरणारा आणखी एक रोग म्हणजे खंदकज्वर. तो महायुद्धाबरोबर गेला असें लोक समजत होते, तोंच १९९३ मध्यें सिॲटलच्या निराश्रित रोग्यांच्या रक्तांत त्याचे जंतु पुन्हा सांपडले. म्हणजे जो रोग कढत पाणी आणि दुसरा जोड एवढ्या भांडवलावर टळतो, तो जगांतल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या एका नामांकित शहरांत परत आला. यांत रोग्याची हौस किती आणि शहराची हयगय किती, हें वाचकांनींच ठरवावें.

भटक्यांस स्वच्छतेचा तिटकारा असतो हेंही खरें नाहीं. नेल्स अँडरसन यांनीं १९२३ मध्यें शिकागोहून अमेरिकेंतील फिरत्या मजुरांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ते स्वतः तसे हिंडलेले होते. हे मजूर रेल्वेलगतच्या आपल्या तळास 'जंगल' म्हणत. तळ निवडतांना पाणी जवळ आहे कीं नाहीं हें पाहत. तेथें दाढी होई, कपडे धुतले जात, उवा मारण्यासाठीं ते डब्यांत उकळलेही जात. आणि वापरलेलें भांडें न घासतां निघून जाणें हा तळावरचा अपराध समजला जाई. घर नसलेल्या माणसांनीं घालून घेतलेला हा नियम आपल्या कित्येक घरांत पाळला जात नाहीं.

इतकें म्हटल्यावर या पंथाच्या पदरीं त्याचा दोष घालणेंही प्राप्त आहे. त्यांच्यांत कांहीं जण मळालाच दीक्षा समजतात. धुतलेलें जाकीट घालून आलेला पोरगा खोटा, आणि महिना महिना न नाहलेला अस्सल! हें उलटें सोवळें झालें. आमची आजी सोवळ्यांत असतांना आम्हांस शिवूं देत नसे. हे लोक ओवळ्यांत असतात आणि धुतलेल्यास जवळ येऊं देत नाहींत. दोन्हीकडे माणसाची परीक्षा कातडीच्या वरच्या थरावर होते. शिवाय ज्याला परतावयास घर आहे त्याला मळाचा अभिमान बाळगणें सोपें जातें. कंटाळा आला म्हणजे तो आईच्या घरीं जाईल आणि गरम पाण्यानें न्हाईल. त्याच्याशेजारीं निजलेल्या, घर नसलेल्या सोबत्याला मात्र त्याची ऊ मिळालेली असेल, आणि ती तेथेंच राहील. ज्या वेषानें टाकलेल्यांची बाजू घेतली, त्या वेषानें टाकलेल्यांच्याच अंगावर रोग टाकावा, याला बंड म्हणतां येत नाहीं.

या चिंध्यांचा बाजारही झाला आहे. २००० सालीं पॅरिसच्या दिओर या पेढीसाठीं जॉन गॅलियानो यांनीं तेथील रस्त्यांवरच्या निराश्रितांच्या वेषावरून धनिकांचीं वस्त्रें बेतलीं. २०२२ मध्यें बालेन्सियागा पेढीनें फाटके, मळके दिसणारे बूट विक्रीस काढले. त्यांतील अगदीं चिंध्या झालेले शंभरच जोड होते व एकाची किंमत १८५० डॉलर होती. टीका झाली, थट्टाही झाली; पण ते बूट घालणाऱ्यास कोणा पोलिसानें हटकल्याचें ऐकिवांत नाहीं. फाटकेपणाचा राग आपणांस येतो तो फाटकेपणाचा नसून पैसे नसल्याचा येतो, हें यावरून उघड होतें.

येथें एक आक्षेप घेण्यांत येईल, आणि तो रास्त आहे: "ग्रंथालयांत माझ्या मुलीशेजारीं असा मनुष्य येऊन बसला तर मीं काय करावें?" हा प्रश्न अमेरिकेंत न्यायालयापर्यंत गेला होता. न्यू जर्सींतील मॉरिसटाउनच्या ग्रंथालयानें ज्याच्या अंगाच्या वासाचा इतरांस उपद्रव होतो त्यास बाहेर काढण्याचा नियम केला. एका निराश्रित वाचकानें फिर्याद केली. १९९१ मध्यें खालच्या न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. १९९२ मध्यें वरच्या न्यायालयानें तो फिरवून नियम वैध ठरविला. मी त्या वरच्या न्यायालयाला नांव ठेवीत नाहीं. दुर्गंध सोसणें हें कोणाचें कर्तव्य नव्हे. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, जें गांव असा नियम करतें त्या गांवानें ग्रंथालयापासून चालत जातां येईल इतक्या अंतरावर मोफत स्नानगृह बांधावें. एरवीं तो नियम स्वच्छतेचा राहत नाहीं, तो हाकलण्याचा होतो.

आणि हाकलण्याची हौस वाढतच आहे. जावईबापूंच्याच ओरेगॉन राज्यांतील ग्रँट्स पास या गांवानें सार्वजनिक जागीं अंथरूण-पांघरूण घेऊन मुक्काम करणाऱ्यास दंड ठरविला. २८ जून २०२४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं असा दंड घटनेविरुद्ध नाहीं असा निवाडा दिला. आधीं निजावयास जागा द्यावयाची नाहीं, मग पांघरूण हा पुरावा मानावयाचा, आणि वर विचारावयाचें कीं, हे लोक नीटनेटके कां राहत नाहींत!

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं इंग्रजांस याहून बरी बुद्धि सुचली होती. १८३२ च्या पटकीच्या सांथींत लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईनें आपल्या घरची पाणी तापविण्याची चूल शेजाऱ्यांच्या धुण्यासाठीं खुली केली. त्यांतूनच १८४२ मध्यें त्या शहरांत सार्वजनिक धुण्याघर निघालें, आणि १८४६ मध्यें स्नानगृहें व धुण्याघरें बांधण्याचा अधिकार गांवांस देणारा कायदा झाला. गरिबाचा मळ गरिबाच्या गल्लींत थांबत नाहीं, हें पटकीनें शिकविलें होतें. आजच्या काळींही असे लोक अगदींच नाहींत असें नाहीं. २०१४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें दोन तरुणांनीं एका मोटारींत धुण्याचीं यंत्रें बसवून निराश्रितांचे कपडे मोफत धुण्यास आरंभ केला. ती चळवळ त्या देशाच्या अनेक शहरांत पसरली. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोंत जुन्या बसगाडीचें स्नानगृह करण्यांत आलें. २०१५ मध्यें पोप फ्रान्सिस यांच्या काळांत सेंट पीटरच्या चौकालगत निराश्रितांसाठीं न्हाणीघर व न्हावी यांची सोय झाली. ज्यांना मळच प्रिय आहे अशा लोकांसाठीं या सोयी एक आठवडाही चालल्या नसत्या.

आणि आपण मराठी माणसांनीं तरी चिंध्या व मळ यांची गल्लत करूं नये. अंगावर ठिगळांचें वस्त्र, डोक्यावर खापर, पायांत दोन तऱ्हेचे जोडे, हातांत गाडगें आणि खराटा, असा एक बेघर प्रवासी १९०५ मध्यें घर सोडून निघाला आणि १९५६ मध्यें देह ठेवीपर्यंत गांवोगांव फिरला. गाडगेबाबा जन्मानें परीट होते. धुण्याचें मोल त्यांस कोणी शिकवावयास नको होतें. पहिल्या दर्शनीं त्यांस वेडा समजून हाकलणारे लोक आपल्यांतलेच होते. त्यांनीं चिंध्या टाकल्या नाहींत आणि मळ ठेवला नाहीं. गांवांत शिरतांच आधीं रस्ता झाडला, कीर्तन मागाहून केलें. आणि वाटसरूला छप्पर व पाणी मिळावें म्हणून पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणीं धर्मशाळा बांधविल्या. स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्यानें आधीं विहीर दाखवावी, हा त्यांच्या आचरणाचा अर्थ मी समजतों. स्नेह्यांच्या त्या दिवाणखान्यांत, आम्ही बसलों होतों त्या कोचाच्या वर, त्यांची तसबीर टांगलेली होती.

जावईबापू पुढील वर्षीं पुन्हा येणार आहेत. हा विषय पुन्हा निघाला तर मान न हलवितां मी त्यांस एवढेंच विचारणार आहें: "तुमच्या त्या रस्त्यावर फुकट आंघोळ करतां येईल अशी जागा कोठें आहे?" त्यांस ती ठाऊक असेल तर मी माझे शब्द मागें घेईन. ठाऊक नसेल, तर त्या मुलांना ती कशी ठाऊक असावी, याचा विचार त्यांनीं करावा.