रेडिओलॉजीची जागा मिळेल का?

नीट-पीजीनंतर रेडिओलॉजी किंवा त्वचारोगाची जागा मिळेल का, हे 800 पैकी पडलेल्या गुणांवर नव्हे, तर क्रमांकावर ठरते. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण घसरतात. म्हणून आपल्या प्रवर्गात आणि त्याच कोट्यात गेल्या दोन-तीन वर्षांत शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली, हे फेरीनिहाय पाहावे. कोटा कळीचा आहे. नवी मुंबईत नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम अभिमत असल्याने त्यांच्या जागा केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी) देशभरातल्या उमेदवारांतून भरते. नेरूळच्याच तेरणा महाविद्यालयाचा राज्य कोटा मात्र राज्याच्या सीईटी सेलकडे, त्यामुळे नोंदणी दोन्हीकडे करावी लागते. अभिमत महाविद्यालयांत क्रमांक बराच खाली उतरतो तो शुल्कामुळे. ही पैशाची चाळणी आहे आणि सामान्य घरातल्या हुशार मुलांवर ती उघड अन्याय करते. पसंतीक्रमात मनातली जागा वर, आवाक्यातली खाली ठेवावी. नको असलेली शाखा मात्र भरूच नये; एमसीसीच्या दुसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा नाकारल्यास अनामत रक्कम जप्त होते.